नाव म्हणजे निदान नव्हे

पावसाळा सुरू झाला की आमच्या वॉर्डात एक प्रश्न रोज विचारला जातो. तापाने बेशुद्ध झालेला एखादा तरुण आसपासच्या जिल्ह्यांतून आलेला असतो. सलाइन लागलेले असते, पाठीतले पाणी तपासणीला गेलेले असते. त्याची आई दारात उभी राहून विचारते, ‘‘डॉक्टरसाहेब, बीमारीचं नाव काय तं सांगा ना!’’ मी सांगतो, ‘‘मेंदूज्वर आहे, मावशी.’’ तिचा चेहरा थोडा सैल होतो. बाहेर जाऊन ती गावाकडे फोन लावते, ‘‘मेंदूज्वर निघाला म्हणते डॉक्टर.’’

मी मात्र तिथेच अडकलेला असतो. ‘मेंदूज्वर’ या शब्दाने मी तिला नवे काय सांगितले? मुलाला ताप आहे आणि त्याचा मेंदूवर परिणाम झाला आहे, हे तिला घरीच दिसले होते. मी त्याला फक्त एक नाव दिले. त्यामागे जपानी मेंदूज्वराचा विषाणू असेल, चांदीपुरा असेल, हर्पीस असेल, क्षयरोग असेल, मेंदूचा मलेरिया असेल किंवा स्क्रब टायफस असेल. यातल्या काहींवर खात्रीचे औषध आहे, काहींवर नाही. स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध पुरते, पण ते वेळेवर सुचले तर. म्हणजे नाव मिळाले तरी निदान बाकीच राहते.

हा फरक मला वैद्यकाच्या पुस्तकांपेक्षा एका भौतिकशास्त्रीय गोष्टीने जास्त स्पष्ट करून दिला. ती गोष्ट सूर्याची आहे, लोखंडाची आहे आणि प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनांच्या झोताने अणू सोलून काढणाऱ्या एका यंत्राची आहे. तिचा एक महत्त्वाचा तुकडा आपल्या विदर्भात घडला, हे मात्र इथे फार थोड्यांना ठाऊक आहे.

नागपूरहून मुंबईकडे जाताना वर्धा मागे पडले की पुलगाव लागते. वर्धा नदी ओलांडली की धामणगावच्या अलीकडे तळणी नावाचे छोटे स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून शिरून महाराष्ट्र तिरपा कापत या भागावरून गेला. त्यासाठी पुलगावला ह्यू न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स यांनी तळ ठोकला होता. तळणीला एडवर्ड आणि अ‍ॅनी माँडर हे खगोलशास्त्रज्ञ जोडपे आणि जॉन एव्हरशेड आले होते. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकयर यांचा चमू होता. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नाएगमवाला होते. पूर्ण झाकलेला सूर्य दिसणार होता जेमतेम दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांसाठी ही मंडळी पेट्याच्या पेट्या काच, भिंगे आणि दुर्बिणी घेऊन आली होती. तळणीला अ‍ॅनी माँडर यांनी लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्यापासून फार दूरवर पसरलेल्या प्रभामंडळाच्या एका किरणाचे छायाचित्र घेतले. ते पुढे नावाजले गेले.

ते काय शोधत होते? खग्रास स्थितीत सूर्याभोवती मोतिया रंगाचे प्रभामंडळ दिसते. त्याचा प्रकाश लोलकातून किंवा जाळीतून पसरवला की वर्णपट मिळतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा त्यात ठरलेल्या जागी येतात, आपल्या बोटांच्या ठशांसारख्या. ७ ऑगस्ट १८६९च्या ग्रहणात अमेरिकेत चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना प्रभामंडळात एक ठळक हिरवी रेषा दिसली. तिची जागा मोजली, तेव्हा ती लोखंडाच्या एका ज्ञात रेषेशी जुळते असे वाटले. पण प्रभामंडळात लोखंड असेल तर त्याच्या बाकीच्या शेकडो रेषा कुठे गेल्या? हळूहळू मत असे बनले की हे पृथ्वीवर न सापडलेले नवे मूलद्रव्य आहे. त्याला नाव मिळाले ‘करोनियम’.

तसे वाटण्यात वेडेपणा नव्हता. सूर्यप्रकाशातली अशीच एक अनोळखी पिवळी रेषा १८६८ साली लक्षात आली होती. तिलाही नाव दिले गेले होते, हेलियम. आणि १८९५ साली विल्यम रॅमसे यांनी पृथ्वीवर खरोखरच हेलियम वेगळा करून दाखवला. मग करोनियम का नसेल?

इथे एक गैरसमज दूर करतो. हेलियमचा शोध लॉकयर यांनी विजयदुर्गावरून लावला, असे आपल्याकडे अनेकदा छापून येते. १८६८ साली लॉकयर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावर ते आले १८९८ साली. किल्ल्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात जे काम झाले, ते वेगळे होते आणि माझ्या मते तेवढेच मोलाचे होते.

काम असे की, भारतातल्या त्या ग्रहणात घेतलेल्या छायाचित्रांवरून हिरव्या रेषेची जागा नव्याने मोजली गेली आणि आधीची नोंद चुकीची निघाली. तीस वर्षे ती रेषा ५३१.७ नॅनोमीटरच्या आसपास आहे असे सगळे मानत होते. ती प्रत्यक्षात ५३०.३ नॅनोमीटरवर होती. फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी, पण त्याने लोखंडाच्या त्या ज्ञात रेषेशी असलेले नाते तुटले. करोनियमची बाजू आणखी भक्कम झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द मेंडेलीव्ह यांनी हायड्रोजनहून हलके मूलद्रव्य म्हणून त्याला आपल्या कोष्टकात तात्पुरती जागा देऊ केली.

मोजमाप अचूक झाले आणि निष्कर्ष मात्र उत्तरापासून दूर गेला. कारण ते होते लोखंडच.

हे कळायला आणखी चार दशके लागली. वाट दाखवली ती आपल्या मेघनाद साहांनी. १९२० साली त्यांनी गणिताने दाखवले की तापमान आणि दाब यांवरून अणूंतले किती इलेक्ट्रॉन सुटतील हे सांगता येते. इलेक्ट्रॉन निघून गेलेला अणू म्हणजे आयन. आणि आयनाचा वर्णपट मूळ अणूसारखा राहत नाही. इलेक्ट्रॉन गेला की ठसा बदलतो. बोटाची कातडी सोलली की ठसा बदलावा तसे. १९३९ साली जर्मनीच्या वॉल्टर ग्रोट्रियान यांनी प्रभामंडळाच्या काही रेषा लोखंडाच्या अशा आयनांच्या असाव्यात असे सुचवले. १९४१ ते १९४३ या काळात स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी विजेच्या तीव्र ठिणग्यांतून मिळवलेल्या वर्णपटांच्या आकड्यांवरून हिशेब मांडला. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यातले १३, म्हणजे बरोबर निम्मे, काढून टाकले की जो आयन उरतो, त्याची ती हिरवी रेषा होती. करोनियम कधी नव्हतेच.

पण निदान पक्के झाले की ते पुढचा प्रश्न घेऊन येते. एवढे इलेक्ट्रॉन सुटायला प्रभामंडळ दहा-वीस लाख अंश तापलेले हवे. सूर्याचा पृष्ठभाग मात्र सुमारे साडेपाच हजार अंशच तापलेला आहे. शेगडीपेक्षा शेगडीवरची हवा शेकडो पट गरम असावी, असा हा प्रकार. तो नेमका कसा घडतो याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. ‘करोनियम’ या शब्दाने हा प्रश्न सत्तर वर्षे झाकून ठेवला होता.

आता त्या यंत्राकडे येऊ. ज्यांचे बरेचसे इलेक्ट्रॉन काढून टाकले आहेत अशा आयनांना अतिभारित आयन म्हणता येईल. विश्वात ते सर्वत्र आहेत: सूर्याच्या प्रभामंडळात, ताऱ्यांच्या स्फोटांच्या अवशेषांत, दीर्घिकांच्या समूहांमधल्या तप्त वायूत. पृथ्वीवर मात्र ते टिकत नाहीत. असा आयन समोर येईल त्याचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. म्हणून त्याला बनवणे अवघड आणि सांभाळणे त्याहून अवघड.

बनवण्याची रीत तत्त्वतः सोपी आहे. इलेक्ट्रॉनांचा वेगवान झोत अणूवर मारायचा. प्रत्येक टकरीत एखादा इलेक्ट्रॉन उडतो. बाहेरचे सहज जातात, आतले चिकट असतात. लोखंडाचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ८ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पुरते. तेरावा काढायला सुमारे ३६० लागते. शेवटचा, सव्विसावा, काढायला नऊ हजारांहून जास्त. युरेनियमचा शेवटचा, ब्याण्णवावा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे एक लाख बत्तीस हजार.

हे आकडे वाचून मला आमचा क्ष-किरण विभाग आठवला. छातीचा एक्स-रे काढताना नळीला लाखभर व्होल्टचा दाब दिला जातो. सीटी स्कॅनमध्ये तो एक लाख चाळीस हजारांपर्यंत जातो. म्हणजे युरेनियमचा अणू पूर्ण सोलायला लागणाऱ्या ऊर्जेचा झोत दवाखान्यात रोज वापरला जातो. मग आमच्या नळीत अतिभारित आयन का साठत नाहीत? कारण तिथे झोत टंगस्टनच्या घन धातूवर आदळतो. आतला इलेक्ट्रॉन उडाला की शेजारचे लगेच जागा भरतात. अणू सोलला जातो खरा, पण निमिषार्धात पुन्हा झाकला जातो. सोललेला अणू हवा असेल, तर त्याला शेजारीपाजारी नसलेल्या पोकळीत एकटे ठेवावे लागते आणि पुनःपुन्हा टकरा द्याव्या लागतात.

हे काम करणारे पहिले यंत्र, इलेक्ट्रॉन झोताचा आयनस्रोत, १९६०च्या दशकाच्या अखेरीस रशियातल्या दुबना येथे येव्गेनी दोनेत्स यांनी पुढे आणले. १९८६ साली अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत मॉर्टन लेव्हिन, रॉस मार्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आखूड करून त्याचा सापळा बनवला. रचना कल्पक आहे. एका टोकाला इलेक्ट्रॉनांची बंदूक. मध्ये अतिसंवाहक चुंबक, जे झोताला आवळून केसाएवढा बारीक करते. शंभर-दीडशे मिलिअँपिअर प्रवाह, म्हणजे एक्स-रे नळीत असतो तेवढाच, पण एका केसाच्या जाडीत कोंबलेला. झोत ऋणभारित असल्याने धनभारित आयन त्याच्याकडेच ओढले जातात. ज्या झोताने त्यांना सोलले, त्याच झोताला ते बिलगून राहतात. दोन्ही टोकांना जास्त दाबाच्या धातूच्या नळ्या असतात. त्या आयनांना बाहेर पळू देत नाहीत. बाजूच्या खिडक्यांतून त्यांचा प्रकाश आणि क्ष-किरण मोजायचे. १९९४ साली याच प्रयोगशाळेने अशा सापळ्यात ब्याण्णवच्या ब्याण्णव इलेक्ट्रॉन काढलेले युरेनियम बनवल्याचे जाहीर केले.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट एका बटणात आहे. झोताचा व्होल्टेज बदलला की किती इलेक्ट्रॉन निघतील याची मर्यादा ठरते. सूर्यात वेगवेगळ्या अवस्थांतले आयन एकत्र मिसळलेले असतात. सापळ्यात एकेक पायरी चढता येते. व्होल्टेज ३६०च्या खाली ठेवला तर हिरवी रेषा जवळजवळ दिसत नाही, वर नेला की उजळते. आम्ही रुग्णाचे एक औषध बंद करून, एक सुरू करून कारण पकडतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे हाती येणारा पुरावा फार स्वच्छ असतो.

हिरवी रेषा एकोणिसाव्या शतकात कुठल्याच प्रयोगशाळेत का दिसली नाही, त्याचेही उत्तर इथे मिळाले. साधारणतः उत्तेजित अणू सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात प्रकाश टाकून मोकळा होतो. लोखंडाचा हा आयन मात्र सरासरी १७ मिलिसेकंद थांबतो. हा आकडा जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या सापळ्यात अतिशय काटेकोरपणे मोजला गेला आहे. १७ मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ. पण अणूंच्या जगात हे एक युग आहे. साध्या वायूत तेवढ्या अवधीत असंख्य टकरा होतात आणि प्रकाश टाकण्याआधीच ऊर्जा निघून जाते. सूर्याचे प्रभामंडळ आपण तयार करतो त्या साध्या निर्वातांपेक्षाही विरळ आहे. तिथे आयनाला थांबायला सवड मिळते. सापळ्याच्या अतिनिर्वातात आणि द्रवरूप हेलियमच्या थंडीत तीच सवड निर्माण केली जाते. तळणीच्या आणि जेऊरच्या आकाशात दोन मिनिटे दिसलेला प्रकाश आता हवा तेव्हा, हवा तितका वेळ बघता येतो.

या यंत्राने आणखीही काही कोडी सोडवायला मदत केली. १९९६ साली ह्याकुताके धूमकेतूतून क्ष-किरण येताना दिसले. बर्फाचा गोळा क्ष-किरण कसे टाकेल? सौरवाऱ्यातले ऑक्सिजन-कार्बनचे अतिभारित आयन धूमकेतूच्या वायूतले इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि तसे करताना क्ष-किरण टाकतात, हे पुढे उमगले. सापळ्यांत तीच क्रिया घडवून तिचा वर्णपट पडताळता आला. फ्रान्समध्ये भारताच्या सहभागाने उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या अणुसंमीलन भट्टीत भिंतीचे टंगस्टन सुटून आत गेले, तर ते किती ऊर्जा गळवेल, हे समजायला टंगस्टनच्या आयनांचे आकडे लागतात. तेही अशा सापळ्यांतून येतात. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सूक्ष्मलहरींनी इलेक्ट्रॉन तापवून अतिभारित आयन बनवणारा स्रोत आहे. त्या जातीच्या स्रोतांतून निघणारे कार्बनचे आयन जपानमधल्या चिबा येथे १९९४पासून कर्करोगाच्या उपचारात वापरले जातात. उपयोग हवाच असेल, तर तो असा आहे.

पण उपयोगाची यादी वाचून मी हा लेख संपवला, तर तो प्रामाणिक होणार नाही. सरकारी रुग्णालयात एका खाटेवर दोन रुग्ण मी पाहिले आहेत. सहकारी विचारतात, ‘‘अरे, इथे व्हेंटिलेटर मोजून मिळतात आणि तू सूर्याच्या हिरव्या रेषेचं काय घेऊन बसलास?’’ प्रश्न रास्त आहे. प्रत्येक मूलभूत संशोधन कधी तरी रुग्णाच्या कामी येतेच, असे मी म्हणणार नाही. बरेचसे येत नाही. एडलेन यांच्या हिशेबाने कुणाचा ताप उतरला नाही.

तरीही त्या कामातली एक सवय आम्हाला हवी आहे. आत्ता अर्थ लागत नाही अशी गोष्ट नीट मोजायची, नीट जपून ठेवायची, आणि तिला दिलेल्या नावाला उत्तर समजायचे नाही. ही सवय रुग्णाच्या जिवाशी कशी जोडलेली असते, याचे उदाहरण नागपूरचेच आहे.

१९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती. त्या वेळी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, दोन रुग्णांच्या रक्तातून एक अनोळखी विषाणू वेगळा केला. नागपूरजवळच्या गावावरून त्याला चांदीपुरा नाव मिळाले. त्याचे महत्त्व काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. जवळजवळ चार दशके तो बहुतांशी नोंदवहीत आणि शीतपेटीत राहिला. २००३च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची भयंकर साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. अनेक मुले तर लक्षणे दिसल्यापासून एक-दोन दिवसांत गेली. नाव होते: मेंदूज्वर. निदान नव्हते. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी नमुन्यांतला विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, जपून ठेवलेल्या साहित्याशी ताडून पाहिला, आणि तो चांदीपुरा निघाला. इथेही इलेक्ट्रॉनांचा झोतच कामी आला, पण त्याहून जास्त कामी आली १९६५ची ती शीतपेटी. तेव्हा कुणी ‘याचा उपयोग काय’ म्हणून ती रिकामी केली असती, तर २००३ साली ताडून पाहायला काहीच नसते.

हिरव्या रेषेचे आणि चांदीपुराचे दुःख एकच होते, आणि उपायही एकच. पडताळायला संदर्भ हवा. आकाशातली रेषा ओळखायची तर प्रयोगशाळेत तोच आयन तयार करून त्याचा ठसा नोंदलेला हवा. रुग्णातला जंतू ओळखायचा तर आधीच्या जंतूंचे ठसे जपलेले हवेत. दोन्ही कामे कंटाळवाणी आहेत. तक्ते भरायचे, नमुने लेबल लावून ठेवायचे. त्यांचे उद्घाटन होत नाही, फीत कापली जात नाही. म्हणून पैसे कमी पडले की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते.

नावाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. मुलाच्या आईला मी ‘माहीत नाही’ एवढेच सांगून परत पाठवू शकत नाही. ‘करोनियम’ या शब्दाचाही फायदा झाला. त्याने एक निरीक्षण सत्तर वर्षे हरवू दिले नाही. उपचारसुद्धा निदानाची वाट पाहत थांबत नाहीत. संशय असेल ते औषध आम्ही सुरू करतोच. चूक होते ती नाव लिहून फाइल बंद करण्यात. ‘व्हायरल’, ‘मेंदूज्वर’, ‘अशक्तपणा’, ‘गॅसेस’, असे आमचे रोजचे करोनियम आहेत. रुग्ण बरा झाला तर प्रश्न मिटतो, दगावला तरी मिटतो. आणि पुढच्या पावसाळ्यात तोच प्रश्न नव्या रुग्णाच्या रूपाने दारात उभा राहतो.

म्हणून तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात. पहिली आम्हा डॉक्टरांकडून: डिस्चार्ज कार्डावर ‘मेंदूज्वर’ लिहिले, तर त्यापुढे ‘कारण सापडले नाही’ असेही लिहावे. यात कमीपणा नाही. कारण न सापडल्याची नोंद नसेल, तर ते शोधायला कुणी जाणार नाही. दुसरी आरोग्य यंत्रणेकडून: कारण न सापडलेल्या रुग्णांचे नमुने फेकले जाऊ नयेत, जपले जावेत, आणि वर्षाने का होईना, त्यांचे उत्तर मिळाले तर ते मूळ डॉक्टरपर्यंत आणि त्या घरापर्यंत पोहोचावे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थ’ची पायाभरणी झाली. माणसे, जनावरे आणि परिसर यांचे आजार एकत्र अभ्यासण्याची ही कल्पना चांदीपुराच्या भूमीत योग्यच आहे. अशा संस्थेचे यश मी तिच्या इमारतीवरून मोजणार नाही. तिच्या शीतपेट्यांत वीस वर्षांनंतर कुणाला उपयोगी पडेल असे काय साठले आहे, यावरून मोजेन.

तिसरी मागणी आपल्या सगळ्यांकडून: पुलगाव आणि तळणीची आठवण ठेवावी. वर्धा आणि अमरावतीच्या शाळांतल्या मुलांना कुणी तरी सांगायला हवे की १८९८ साली जगातले नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ तुमच्या गावच्या स्टेशनावर उतरले होते. सोबत हेही सांगावे की त्या वर्षी भारतात अतिशय अचूक मोजमाप झाले आणि तरीही उत्तर चुकले. विज्ञानात असे होते. मोजमाप खरे होते, म्हणून चुकलेले उत्तर पुढे दुरुस्त करता आले.

तळणीला आलेले एव्हरशेड पुढे कामासाठी पुन्हा भारतात आले. १९०९ साली त्यांनी कोडाइकनाल वेधशाळेत सौरडागांतल्या वायूंच्या प्रवाहाचा शोध लावला आणि नंतर ते तिथले संचालक झाले. त्या वेधशाळेच्या परंपरेतूनच आजची बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था उभी आहे. याच संस्थेने ‘आदित्य एल-१’ यानावरचे प्रभामंडळ टिपणारे मुख्य उपकरण बनवले. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या जागी पोहोचले. त्याला ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. एक चकती सूर्याला कायम झाकून ठेवते. वर्णपटासाठी त्याने निवडलेल्या रेषांपैकी एक आहे ५३०.३ नॅनोमीटरची. १८९८ साली दुरुस्त झालेली तीच हिरवी रेषा, तेच निम्मे सोललेले लोखंड.

पुढच्या वेळी वॉर्डाच्या दारात ‘बीमारीचं नाव काय’ असे विचारले गेले, की मी नाव सांगेनच. पण त्यापुढे एक वाक्य जोडायचे मी ठरवले आहे: ‘‘मावशी, हे फक्त नाव झालं. कारण अजून शोधतो आहोत.’’